गालिच्यातले चार खळगे

“पाय पुढे करा, बाई. आधी डावा,” दारात स्टुलावर बसलेली स्त्री म्हणाली, आणि लेनोर हॅस्टने स्वतःच्या घराच्या उंबऱ्याशी उभं राहून मुकाट्याने डावा पाय पुढे केला. निळ्या, पातळ, कागदासारख्या कापडाची पिशवी तिच्या बुटावर चढली, घोट्याशी रबराचा चट असा आवाज झाला. “आता उजवा. शाब्बास. आत कशाला हात लावायचा नाही, फोटो काढले तर चालतील, आणि बाण दाखवतील तसं चालत राहायचं. आलेल्या दाराने परत यायचं नाही हं. मालकांना आज घरी थांबायला मनाई आहे, तेव्हा संकोच करू नका, हवं तेवढं निरखून बघा.” लेनोर म्हणाली, “बरं.” याहून वेगळं काय म्हणता आलं असतं, हे तिला नंतरही कधी सुचलं नाही. बाहेर उणे चार अंश, आत एकवीस. तिचा चष्मा एका श्वासात पांढरा झाला. काचेवर बाष्प का धरतं हे तिला पुरतं ठाऊक होतं, एकतीस वर्षं तिने गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात काचेच्या नळ्यांतून पाहण्यात काढली होती, पण आपलं घर आपल्याला असं धुक्यातून दिसायची ही पहिलीच वेळ. समोर उजेड होता एवढंच कळत होतं. मागच्या माणसाने सौम्यपणे “जरा पुढे सरकता का?” म्हटलं आणि ती त्या उजेडात सरकली.

खरं तर ती यायची नव्हती. मर्टल फोर्डच्या घरफेरीचा नियमच तसा. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी गावातली सहा-सात घरं नाताळासाठी सजवून लोकांना उघडी करतात. काही शंभर-सव्वाशे वर्षांची, एखाद-दुसरं नव्या पद्धतीचं. ज्यांची घरं त्यांनी सकाळी दहाला चावी समितीच्या हाती ठेवायची, आणि पाचपर्यंत फिरकायचं नाही. शेजारच्या ब्रँडल गावच्या बागमंडळातल्या बाया येऊन घर सजवतात, त्याच एकेका खोलीत उभ्या राहून माहिती सांगतात. त्यांना सगळे ‘खोलीवाल्या’ म्हणतात. आणि ब्रँडलच्या घरफेरीला मर्टल फोर्डच्या बाया तिकडे जातात. फार पूर्वी गावातल्याच बाया उभ्या राहायच्या, तेव्हा कुणाच्या कपाटात काय सापडलं याची चर्चा इस्टरपर्यंत चालायची, म्हणून ही अदलाबदल सुरू झाली. समितीच्या अध्यक्ष विल्डा प्रुइटने सकाळी चावी घेताना लेनोरच्या हातात फुकट पास कोंबला होता. “बसून राहशील चर्चच्या तळघरात कॉफी पीत, मला माहीत आहेस तू. जा, फिर जरा. लोकांची घरं बघ. तुझा क्लेटन असता तर त्याने प्रत्येक घराच्या छताचा उतार मोजला असता.” लेनोर हसली होती. मग तिने क्लेटनचीच लोकरी टोपी कानांवर ओढली, मफलर नाकापर्यंत घेतला, आणि पहिलं घर पाहिलं, दुसरं पाहिलं. विटांचं, मनोरा असलेलं धान्यव्यापाऱ्याचं घर. कठड्याला देवदाराच्या फांद्यांची वेणी घातलेली, प्रत्येक खिडकीत मेणबत्ती. डॉक्टरांचं घर, जिथे जेवणाच्या टेबलावर बारा ताटं मांडली होती आणि बारांपैकी एकाही खुर्चीवर कुणी कधी बसेल असं वाटत नव्हतं. तिसरं, चौथं. सगळीकडे दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या रसाचा वास, सगळीकडे पिशव्या चढवलेल्या पावलांचा तो सर-सर आवाज, जणू घरांमधून कुणी अखंड कागद ओढत नेतंय. पाचव्या घरानंतर गर्दी डावीकडे वळली. गर्दीत तीही होती. रस्ता तिच्या इतका पायाखालचा होता की आपण गर्दीबरोबर चाललोय की घरी, हे तिला वेगळं काढता आलं नाही. रांगेत पुढे दोघं बोलत होते. “हे सहावं ना? नवं घर?” “नवं कसलं, माझ्या लग्नाच्या वेळचं आहे. आम्ही याला दवाखाना म्हणायचो.” “का?” “सपाट छप्पर, सगळी काच. वाटायचं, आत कुणाचं तरी अपेंडिक्स काढतायत.”

दवाखाना. बसस्टँड. आणि एका वर्षी कुणीतरी फुलझाडांत पाटी रोवून ठेवली होती : ‘पुढची बस ४.१५’. क्लेटनने ती पाटी काढली नाही. डिझेल इंजिनाच्या कारखान्यात तो पिस्टनची चित्रं काढायचा आणि रात्री जेवणानंतर टेबलावरच कागद पसरून या घराची. १९७९ साली घर उभं राहिलं तेव्हा लेनोर तेवीस वर्षांची होती आणि तिला काचेच्या भिंतीची लाज वाटायची; आंघोळीहून आल्यावर ती भिंतीच्या कडेकडेने चालायची. “कोण बघणारे?” तो म्हणायचा. “सगळं गाव,” ती म्हणायची. “गावाला काही दुसरं काम नाही?” “नाही.” आता चाळीस-बेचाळीस वर्षांनी गाव खरंच बघायला आलं होतं, रांग लावून, तिकीट काढून, आणि तिला लाज वाटत नव्हती. चष्मा पुसून घातल्यावर बैठकीची खोली दिसली, ती कुणीतरी तिच्या बैठकीच्या खोलीचं स्वप्न पाहावं तशी. सोफा तोच, पण दीड फूट डावीकडे. काचेच्या भिंतीसमोर पांढऱ्या रंगवलेल्या फांद्या टांगलेल्या, त्यांना संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या; डिसेंबरचं ऊन चकत्यांतून आरपार येऊन जमिनीवर नारिंगी नाणी पाडत होतं. तिथली खोलीवाली हातातल्या कार्डाकडे न बघता बोलत होती. “हॅस्ट कुटुंब दर नाताळला या शेकोटीभोवती जमायचं.” शेकोटीतून धूर आत यायचा. पहिल्याच नाताळला सगळ्यांचे डोळे चुरचुरले, आणि क्लेटनने धुराड्याचं गणित चुकल्याचं कबूल करून ती कायमची बंद केली. पण ती बाई इतक्या खात्रीने सांगत होती की लेनोरला क्षणभर ते कुटुंब दिसलं. हातात कप, गालांवर जाळाचा उजेड, त्यांची मुलगी ब्रिन शेकोटीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली. त्या कुटुंबाचा तिला हेवा वाटला. ती बाणाच्या दिशेने पुढे गेली.

बाण तिला माहीत होते. विल्डाने घराचा नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला होता, आणि दोघींनी मिळून रस्ता आखला होता : बैठक, जेवणाची खोली, बोळ, मोठी निजायची खोली, बोळातूनच परत, स्वयंपाकघर, मागचं दार. “आणि ही पूर्वेची?” विल्डाने बोट ठेवलं होतं. “ही बंद,” लेनोर म्हणाली. विल्डाने नकाशावर तिथे फुली मारली. “मग दारावर आडवी लाल फीत बांध. लाल फीत म्हणजे जायचं नाही, सगळ्या खोलीवाल्यांना ठाऊक असतं.” लेनोरने शुक्रवारी फीत बांधली. चौकटीच्या एका बाजूच्या खिळ्यापासून दुसऱ्या बाजूच्या खिळ्यापर्यंत, कमरेच्या उंचीवर, ताणून.

पूर्वेच्या खोलीत काही नव्हतं. हेच तर सांगणं अवघड होतं. गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर तिथे रुग्णालयाचा पलंग होता, खाली-वर होणारा, चार चाकांचा, आणि त्यावर क्लेटन. त्याची फुप्फुसं हळूहळू कडक होत गेली. दक्षिणेच्या खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं अक्रोडाचं झाड, तो त्याच्या फांद्यांचे कोन मोजायचा, नुसत्या डोळ्यांनी, आणि तिला विचारायचा, “तो तिसरा, त्रेपन्न असेल का गं?” ती म्हणायची, “पंचावन्न.” तो म्हणायचा, “पाण्यातली माणसं कोनाबद्दल काय बोलणार.” ऑक्टोबरच्या सतराला, पहाटे नाही, रात्री नाही, सकाळी पावणेअकराला, ती चहाचा कप बदलून आणायला गेली आणि परत आली एवढ्यात. तिसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन पलंग घेऊन गेली. पलंग गेला आणि लोकरीच्या राखी गालिच्यात चार खळगे राहिले. चार चाकांचे, एकेका नाण्याएवढे गोल. लेनोरने पोलादी पट्टी आणून एक मोजला. नऊ मिलिमीटर. का मोजला ते तिला सांगता आलं नसतं. हातांना सवय होती. आठवड्याने परत मोजला. आठ. लोकर दबते आणि ओलावा मिळाला की उठते, हे तिला कळत होतं. म्हणून त्या हिवाळ्यात तिने घरातलं हवा दमट करायचं यंत्र लावलं नाही. तिचे ओठ फुटले, हात भेगाळले. खोलीचं दार बंद. व्हॅक्यूम नाही. त्या चार खळग्यांच्या मधल्या आयतात तिने चौदा महिन्यांत पाय ठेवला नव्हता. खिडकी पुसायची झाली तर भिंतीच्या कडेने जायची, पूर्वी काचेच्या कडेने जायची तशीच. आता साडेतीन मिलिमीटर उरले होते. वक्ररेषा तिने कुठे कागदावर काढली नव्हती, पण डोक्यात होती, आणि ती रेषा कुठे शून्याला टेकते तेही. फेब्रुवारीच्या शेवटाला.

आणि येत्या शुक्रवारी ब्रिन येणार होती. दूरच्या वाळवंटी टूसॉनहून, मोठी गाडी घेऊन. “आई, मी न्यायलाच येतेय,” ती फोनवर म्हणाली होती, “विचारायला नाही. खोली रंगवून ठेवलीय. तुला आवडतो तो पिवळा.” लेनोर म्हणाली होती, “नाताळ होऊ दे.” “दर वेळी काहीतरी होऊ दे असतं तुझं. काय आहे गं तिथे आता?” याचं उत्तर मिलिमीटरमध्ये होतं आणि ते मुलीला देता येत नव्हतं. तिने स्वतःशी एक गोष्ट ठरवून टाकली होती, कुणालाही न सांगता, अगदी साध्या प्रयोगासारखी : खळगे आहेत तोवर ती इथे. खळगे भरले, की तिला अडवणारं काही नाही. मग पिवळी खोली, मग ऊन. शुक्रवारी ब्रिनला म्हणायचं, मार्चमध्ये. मार्चपर्यंत थांब. तिचं पुढचं सगळं आयुष्य चार ठिकाणच्या दबलेल्या लोकरीवर उभं होतं, आणि ती लोकर तशी राहायला फक्त एकच गोष्ट हवी होती, की तिथे कुणी जाऊ नये.

बोळात रांग होती, आणि ती पुढे सरकत नव्हती तर उजवीकडे वळत होती. लेनोरने आधी ते फक्त पाहिलं, जसं पाण्याचा प्रवाह दगडापाशी वळताना पाहावा. घरातल्या प्रत्येक दाराला लाल फीत होती. निजायच्या खोलीच्या दाराला, कपाटाच्या, न्हाणीघराच्या. रुंद, मखमली, मधोमध मोठी गाठ आणि तिच्यात एक पाइनचं फळ खोवलेलं. आणि पूर्वेच्या खोलीच्या दारालाही. तिची फीत तिथेच होती. सजवणाऱ्या कुणीतरी ती नुसती आडवी बांधलेली पाहिली असणार, अर्धवट राहिली म्हणून हळहळली असणार, एका बाजूने सोडून चौकटीवर नीट उभी ताणून तिचं फूल बांधलं असणार. इतक्या मनापासून बांधलं होतं की चूक म्हणायला जीभ वळेना. नाताळात या गावात लाल फितीने कुठलीही वाट बंद होऊ शकत नाही, हे विल्डाला कळायला हवं होतं. तिला स्वतःला कळायला हवं होतं. दार उघडं होतं, खोलीचं पलीकडचं, स्वयंपाकघरात जाणारं दारही उघडं होतं, आणि रांगेला तोच रस्ता जवळचा पडत होता.

ती दारात आली तेव्हा आत नऊ-दहा माणसं होती. इतकी माणसं त्या खोलीत कधीच नव्हती. पुरायच्या दिवशीसुद्धा लोक बैठकीतच बसले होते. निळी पावलं गालिच्यावर सगळीकडे. एक उंच बाई, हातात घडी केलेला कोट, बरोबर डोक्याकडच्या डाव्या खळग्यावर उभी राहून अक्रोडाकडे बघत होती. लेनोरच्या घशात ‘बाजूला व्हा’ तयार झालं, अगदी ओठांपर्यंत आलं, आणि तिथेच राहिलं. कोण सांगणार? मालकीण आज घरी नाही. मालकिणीला मनाई आहे. ती टोपी घातलेली, पायांत पिशव्या चढवलेली पाहुणी होती आणि पाहुण्यांनी कशाला हात लावायचा नव्हता. उंच बाईने वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं. साडेतीन, लेनोरच्या मनात आलं. तीन. दोन. फेब्रुवारीपर्यंत पसरलेली रेषा तिच्या डोळ्यांसमोर एका दुपारात सरळ खाली उतरत होती आणि तिला आश्चर्य वाटत होतं की तिचा आवाज येत नाही.

“ही खोली मालकांनी मुद्दाम रिकामी ठेवलीय,” खिडकीशेजारची खोलीवाली सांगत होती. बुटकी, सत्तरीची, छातीवर दाबलेल्या लोकरीचं हिरवं पान टाचलेलं आणि त्यावर नाव : फर्न. तिच्या हातात कार्ड नव्हतं; या खोलीचं कार्डच नव्हतं. “आधुनिक पद्धत आहे ती. मनाला विसावा.”

“विसावा कसला,” एक जाडसा माणूस बायकोला म्हणाला, “सामान बायको घेऊन गेली असणार. माझ्या भावाचं घर असंच आधुनिक झालं.”

“हळू बोला. भिंती पातळ आहेत,” बायको म्हणाली.

“मालक घरी नसतात, ऐकलं नाहीस?”

हसत हसत ती स्वयंपाकघराकडे गेली. फर्नने लेनोरकडे पाहिलं. ती रांगेबरोबर हलली नव्हती. “तुम्ही एकट्याच का, बाई? घाई नाही ना? मग माझ्यावर एक उपकार करा. सकाळपासून उभी आहे, आणि घरातलं न्हाणीघर आम्हाला वापरता येत नाही. नियम. त्या कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत जायचं. या गुडघ्यांनी.” तिने उत्तराची वाट न बघता पान काढून लेनोरच्या कोटाला टाचलंसुद्धा. “काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं, कुणी विचारलं तर काहीतरी सांगायचं. तुमचा चेहरा विश्वासाचा आहे.”

“काय सांगू?”

“काहीही सांगा हो. रिकामी खोली आहे. चुकणार काय त्यात?”

मग ती खोलीत उभी होती, भिंतीला टेकून. लोक येत होते, जात होते. पहिला घोळका आला. ती त्यांच्या पावलांकडे बघत राहिली. निळ्या पिशव्यांमुळे कुणाचंच पाऊल ओळखता येत नव्हतं. सगळ्यांचा आवाज एक. तिला शेवटचे दिवस आठवले. तेव्हाही घरात सतत असाच सर-सर आवाज असायचा, प्राणवायूच्या यंत्राचा. तो थांबल्यावर दोन दिवस तिला वाटत होतं आपल्या कानाला काहीतरी झालंय. क्लेटन एकदा म्हणाला होता, “हे घर मी आवाजाचा विचार न करताच बांधलं बघ. काच सगळं परत फेकते.” मग थोड्या वेळाने, “तू कुठे आहेस ते मला पडल्या पडल्या कळतं. आत्ता कपाटाशी होतीस. चमचे मोजत होतीस का?” ती चमचे मोजत नव्हती, कपाटात तोंड घालून रडत होती. ते त्याला कळलं होतं की नाही, हे तिने कधी विचारलं नाही, आणि आता प्रश्न आणि खोली दोन्ही उघडी पडली होती, आणि अनोळखी माणसं त्यांतून ये-जा करत होती.

“इथे काय असायचं?” कुणीतरी विचारलं. चाळिशीची स्त्री, केसांवर वितळलेला बर्फ. विचारलं ते अगदी सहज, तोंडदेखलं.

“पलंग होता,” लेनोर म्हणाली.

“कुठे?”

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने हाताने दाखवलं. इथून. इथपर्यंत. तोंड खिडकीकडे. ती स्त्री त्या आयताच्या आत उभी होती. तिने खाली पाहिलं आणि, कुणी झोपलेलं आहे आणि आपला धक्का लागला असावा, तशी चटकन दोन पावलं मागे झाली. “अरे देवा,” ती म्हणाली. “सॉरी.” हे ती लेनोरला म्हणाली नाही, खाली बघून म्हणाली. तिच्या मागचेही मागे झाले. एकमेकांना कोपराने खुणावून ते भिंतीच्या बाजूने, अंग चोरून, पलीकडच्या दाराकडे गेले. पुढच्यांनी आधीचे तसे गेलेले पाहिले आणि तेही तसेच गेले. कुणी विचारलं की लेनोर सांगायची, पलंग होता. एकदा म्हणाली, सहा महिने होता. एकदा म्हणाली, त्यावरून ते झाड दिसायचं. तेव्हा एका म्हाताऱ्याने गुडघ्यांवर हात ठेवून वाकून, पलंगाच्या उंचीवर डोळे आणून झाड पाहिलं आणि मान हलवली, जणू कुणाचं तरी म्हणणं त्याला पटलं. नवरा हा शब्द तिने उच्चारला नाही. ती जे सांगत होती ते सगळं मोजता येण्यासारखं होतं, आणि मोजता येण्यासारखं असूनही तिचा आवाज अधूनमधून पाण्याखालून येत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन अक्रोडाच्या बुंध्यावरून सरकून गालिच्यावर आलं होतं, तिरपं, जमिनीलगत, आणि अशा उजेडात लोकरीचा कल दिसतो. तिने पाहिलं. पावलांनी घासून घासून भिंतीकडेची लोकर एका दिशेला निजली होती आणि फिकट दिसत होती, वाटेसारखी. मध्ये, जिथे कुणी गेलं नव्हतं, तिथे ती उभी होती, गडद. सहा फूट आठ इंच लांब, तीन फूट रुंद. कडा इतक्या सरळ की पट्टी लावून आखल्यासारख्या. पलंग. खळगे तिला आता शोधूनही दिसेनात. डोक्याकडचे दोन मघाशीच तुडवले गेले होते, पायाकडचे सावलीत होते की नव्हतेच. चौदा महिने तिने ओठ फुटू देऊन जे राखलं होतं ते गेलं होतं, आणि त्याच्या जागी शे-दीडशे माणसांनी, ज्यांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं, आख्खा पलंग आणून ठेवला होता. तिला बसावंसं वाटलं. ती बसली नाही. तिला भीती वाटत होती ती रडण्याची नव्हती. प्रयोग संपला होता, ही ती भीती होती. शून्य आलं होतं, फेब्रुवारीच्या आधीच, आणि आता तिने ठरवल्याप्रमाणे तिला अडवणारं काही नव्हतं.

“आले हो आले,” फर्न दारातून म्हणाली, गार हवेचा वास घेऊन. लेनोरच्या कोटावरचं पान तिने काढून आपल्या छातीवर लावलं. “फार त्रास नाही ना झाला?” लेनोरने मान हलवली. खोलीत गरम होत होतं. इतक्या श्वासांनी खिडकी खालून पांढरी होत चालली होती आणि झाड अर्धं पुसलं गेलं होतं. लेनोर काच पुसायला निघाली, नेहमीसारखी कडेने वळणार तेवढ्यात फर्नने तिचा दंड धरला.

“अहो बाई, मधून नको! कडेने जा, कडेने. तिथे पलंग होता.”

लेनोर थांबली.

“मला बाहेर रांगेतच कळलं,” फर्न आवाज खाली आणून म्हणाली. “तुम्हाला नाही का कुणी बोललं? इथे माणूस वारला. घराचा मालकच. मोठा शिल्पकार होता म्हणे, शिकागोचा. शेवटपर्यंत त्या झाडाची चित्रं काढायचा.”

“चित्रं?”

“शेकडो. आणि मी इथे उभी राहून मनाला विसावा म्हणून सांगतेय, बघा! कुणी कार्ड तरी लिहायचं.” तिने खरोखर दुःखाने गडद आयताकडे पाहिलं. “आणि बायको बिचारी. तिला सहनच झालं नाही. सगळं टाकून निघून गेली मुलीकडे, कुठेतरी उन्हाच्या गावाला. तेव्हापासून घर असंच. कोण राहणार? मी असते तरी गेलेच असते.”

लेनोरने ते ऐकलं. ‘निघून गेली’ हे तिने पहिल्यांदाच झालेल्या गोष्टीसारखं ऐकलं, घडून गेलेलं, रांगेत उभ्या माणसांनी एकमेकांना सांगून पक्कं केलेलं. आणि तिला ती बायको दिसली, मघाशी शेकोटीभोवतीचं कुटुंब दिसलं होतं तितकीच स्पष्ट. पिवळ्या खोलीत, हात मांडीवर, बाहेर निवडुंग. हातांना भेगा नाहीत. त्या बाईचा मात्र तिला हेवा वाटला नाही. ती बाई खिडकीबाहेर बघत होती आणि तिथल्या कुठल्याच फांदीचा कोन तिला कुणी विचारत नव्हतं.

“नाही गेली,” लेनोर म्हणाली.

“कोण?”

“ती. कुठे गेली नाही. जाणारही नाही.”

“तुम्हाला काय ठाऊक?” फर्न जराशी रागावली, नुकतीच मिळालेली गोष्ट कुणी हिसकावतंय असं तिला वाटलं. “तुम्ही इथल्या का?”

“इथलीच.” लेनोरने टोपी काढली. टोपीच्या लोकरीशी घासून केस भिंतीकडे उडाले. मग तिने वाकून आधी डाव्या, मग उजव्या पायातली पिशवी काढली, बूट काढले, आणि मोज्यांनी त्या गडद लोकरीवर पाऊल ठेवलं. लोकर उबदार नव्हती, गार नव्हती. ती साध्या लोकरीसारखी तळव्याखाली दबली. दुसरं पाऊल. तिसरं. सहा फूट आठ इंचांना पाच पावलं लागली. खिडकीची कडी क्लेटनने स्वतः घडवली होती आणि ती नेहमी अर्ध्यात अडायची. तिने ती आधी किंचित वर उचलली, मग ओढली. डिसेंबर आत आला.

“अहो, काय करताय! थंडी येतेय लोकांना,” फर्न म्हणाली. पण ती कडी अशी उचलून उघडायची हे कार्डावर लिहिलेलं नसतं, एवढं तिला कळत होतं. तिचा हात छातीवरच्या पानाकडे गेला.

दारात नवा घोळका येऊन थबकला होता. पुढच्या माणसाने गालिच्यावरचा आखलेला आयत पाहिला, त्यातून गेलेली पाच पावलं पाहिली, खिडकीशी मोज्यांवर उभी असलेली बाई पाहिली. “कुठून जायचं आम्ही?” त्याने फर्नला विचारलं. फर्नने लेनोरकडे पाहिलं.

“कुठूनही या,” लेनोर म्हणाली.